सोसण्याची किंमत फुप्फुसे मोजतात

आपल्याकडे सोशीकपणाला फार मान आहे. ‘एवढं मोठं ऑपरेशन झालं, पण बाईने हूं की चूं केलं नाही’ हे वाक्य रुग्णालयाच्या व्हरांड्यात ज्या कौतुकाने उच्चारले जाते, ते ऐकले की भूलतज्ज्ञ या नात्याने माझ्या मनात पाल चुकचुकते. न कण्हणारा रुग्ण शांत पडून आहे, की दुखते म्हणून श्वासच घेत नाही, हे मला आधी पाहावेसे वाटते. हाताचे हाड मोडलेला माणूस दुखणे सोसून बसला तर फार तर त्याचे हाल होतील. छाती उघडून झालेल्या शस्त्रक्रियेनंतर मात्र सोसणे एवढ्यावर थांबत नाही. त्याची किंमत फुप्फुसे मोजतात, आणि कधी कधी रुग्ण जिवाने मोजतो.

गेली तीसहून अधिक वर्षे मी छातीच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देत आलो आहे. या काळात भुलेची औषधे बदलली, यंत्रे बदलली, शस्त्रक्रियेच्या खोलीत संगणकाचे पडदे आले. परंतु शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णाच्या खाटेशी जाऊन मी जे करतो ते बदललेले नाही. मी त्याला म्हणतो, ‘काका, जरा जोरात खोकून दाखवा.’ त्या एका खोकल्यावरून मला जेवढे कळते तेवढे पुष्कळदा क्ष-किरणांच्या फोटोवरूनही कळत नाही. शस्त्रक्रिया कशी झाली हे पहिल्या दिवशी समजते. रुग्ण वेळेवर घरी जाणार की अतिदक्षता विभागात अडकून पडणार, हे मात्र बहुतेक वेळा पुढच्या दोन-तीन दिवसांत ठरते, आणि ते ठरवण्यात या खोकल्याचा मोठा वाटा असतो.

भात्याचे गणित

निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो आणि दर वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. शिवाय अधूनमधून, आपल्या नकळत, तो एक मोठा श्वास घेतो. आपण त्याला उसासा म्हणतो आणि त्याचा संबंध दुःखाशी जोडतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने उसासा म्हणजे फुप्फुसाची देखभाल आहे. फुप्फुसात हवेचे काही कोटी बारीक फुगे असतात. मोठा श्वास मिळाला नाही की त्यांतले खालच्या भागातले फुगे हळूहळू मिटू लागतात. उसासा त्यांना पुन्हा उघडतो.

दुसरी व्यवस्था खोकल्याची. श्वासनलिकांत रोज थोडा कफ तयार होतच असतो. अस्तरावरचे सूक्ष्म केस त्याला वर ढकलत नेतात, आणि जास्तीचा कफ खोकल्याने बाहेर पडतो. परंतु खोकला म्हणजे नुसता घशातला आवाज नव्हे. आधी खोल श्वास घ्यावा लागतो, मग घशाचे दार बंद करून पोटाच्या व छातीच्या स्नायूंनी आत दाब वाढवावा लागतो, आणि मग ते दार एकदम उघडावे लागते. यातली पहिली पायरीच जमली नाही, तर पुढचे सगळे लटके पडते.

आता छातीची शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर आणा. दोन फासळ्यांच्या मधून छेद घेतात आणि लोखंडी पसरणीने फासळ्या एकमेकींपासून दूर करतात. प्रत्येक फासळीच्या खालच्या कडेला एक मज्जातंतू असतो. तो ताणला जातो, दाबला जातो. फासळ्या मागे कण्याला जिथे जोडलेल्या असतात ते सांधे पिळवटतात. शस्त्रक्रिया संपल्यावर हवा व रक्त बाहेर काढण्यासाठी एक-दोन नळ्या छातीत ठेवलेल्या असतात, त्या प्रत्येक हालचालीबरोबर टोचतात. पाय मोडला तर प्लास्टर घालून तो स्वस्थ ठेवता येतो. छाती स्वस्थ ठेवता येत नाही. मिनिटाला १४ श्वास धरले तर दिवसाला वीस हजार वेळा ही जखम हलते.

मग शरीर तडजोड करते. श्वास उथळ होतो आणि त्याची गती वाढते. उसासे बंद होतात. खोकला आला तरी माणूस तो गिळून टाकतो. दीर्घ श्वास घेऊन जेवढी हवा बाहेर सोडता येते ते प्रमाण अशा शस्त्रक्रियेनंतर निम्म्यावर, कधी त्याहून खाली येते. त्यात भुलेचाही हात असतो. स्वीडनमधील हेडेन्स्टिएर्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात सीटी स्कॅनच्या साहाय्याने दाखवून दिले, की संपूर्ण भूल दिल्यावर काही मिनिटांतच सुमारे नव्वद टक्के रुग्णांच्या फुप्फुसाचा काही भाग मिटतो. निरोगी माणसात तो पुढे आपोआप उघडतो. छाती दुखत असेल तर उघडत नाही. मिटलेल्या भागातून रक्त वाहत राहते, पण त्याला प्राणवायू मिळत नाही. तिथे कफ साचतो, कफात जंतू वाढतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप येतो. यालाच आपण शस्त्रक्रियेनंतरचा न्यूमोनिया म्हणतो.

‘दुखल्यास द्यावे’

मी शिकाऊ डॉक्टर होतो तेव्हाची, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मराठवाड्यातले एक शेतकरी दाखल झाले होते. वय पन्नाशीच्या आतबाहेर. तरुणपणी क्षयरोग झालेला, औषधे घेऊन बरा झालेला, परंतु उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी राहून गेलेली. अशा जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढतो आणि थुंकीतून रक्त पडू लागते. पाश्चात्त्य पुस्तकांत छातीची शस्त्रक्रिया म्हटली की कर्करोग समोर येतो. आपल्याकडे तिच्यामागे अजूनही अनेकदा क्षयरोगाने मागे ठेवलेली पडझड असते. त्यांच्या फुप्फुसाचा तो भाग काढून टाकण्यात आला. शस्त्रक्रिया अवघड होती, पण उत्तम झाली.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कागदावर वेदनाशामक इंजेक्शनापुढे तीन अक्षरे लिहिलेली होती: एस.ओ.एस. म्हणजे दुखल्यास द्यावे. यात गृहीत असे, की दुखले तर रुग्ण सांगेल. हे काका सांगणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी विचारले, ‘काका, दुखतंय का?’ म्हणाले, ‘दुखायचंच की डॉक्टरसाहेब, कापलंय म्हणल्यावर. सिस्टरबाईंना कशाला सारखा तरास?’ शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. तो अभिमानाने म्हणाला, ‘आमच्या आबांनी बैलाची लाथ खाऊन औत पुरं केलंय.’ आबा खोकत नव्हते. श्वास मिनिटाला तीसच्या वर होता. मी वरिष्ठांना सांगितले, इंजेक्शन दिले गेले. परंतु त्या इंजेक्शनाने ते दोन तास गुंगीत राहिले, आणि गुंगीतला माणूसही खोकत नाही.

तिसऱ्या रात्री ताप चढला. कफाने श्वासनलिका भरली होती. ती दुर्बिणीतून साफ करण्यात आली, मग त्यांना कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. नवव्या दिवशी ते गेले. टाके सुकत आले होते. मृत्यूच्या कारणात न्यूमोनिया असे लिहिले गेले आणि ते बरोबरच होते. पण मला त्या कारणामागचे कारण दिसत होते, आणि त्यानंतर मी या विषयाचा नाद सोडला नाही.

दोष भुलेचा, की भात्याचा?

शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसे का बिघडतात हा प्रश्न जुना आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये मॉर्टन याने ईथरचा जाहीर प्रयोग केला आणि वेदनारहित शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. त्यानंतर कित्येक वर्षे असाच समज होता, की शस्त्रक्रियेनंतरचा न्यूमोनिया हा ईथरच्या वाफेचा प्रताप आहे. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील डॉक्टर विल्यम पाश्चर (हे लस शोधणारे लुई पाश्चर नव्हेत) यांनी निराळा विचार मांडला. घटसर्पाने श्वासपटल लुळे पडलेल्या रुग्णांची फुप्फुसे मिटलेली त्यांनी पाहिली होती. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरही तसेच चित्र त्यांना दिसले. १९०८च्या आपल्या व्याख्यानात आणि १९१०च्या लेखात त्यांनी सांगितले, की मूळ बिघाड भात्याच्या हालचालीत आहे. पुढे १९३३ साली बॉस्टनच्याच हेन्री बीचर यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर श्वासाची क्षमता किती घटते याची मोजमापे प्रसिद्ध केली.

योगायोग असा, की त्याच १९३३ साली सेंट लुईसमध्ये एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कर्करोगासाठी एक संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे काढून दाखवले. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि त्यानंतर तो जवळजवळ तीस वर्षे जगला. छातीच्या शस्त्रक्रियेचे दार त्यानंतर खऱ्या अर्थाने उघडले. राहिला होता तो वेदनेचा प्रश्न.

त्याचे उत्तरही एका परीने तयारच होते. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये विल्यम हालस्टेड यांनी मज्जातंतूच्या शेजारी कोकेन टोचून त्या तंतूचा सगळा प्रदेश बधिर करण्याची युक्ती शोधली. या प्रयोगांत स्वतःवर सुया टोचून घेता घेता हा थोर सर्जन कोकेनच्या व्यसनात सापडला. आज वापरतात ती औषधे, १९४३चे लिग्नोकेन आणि १९५७चे ब्युपिव्हकेन, ही दोन्ही स्वीडनमध्ये तयार झाली. त्यांचे व्यसन लागत नाही.

वाटेवरची चौकी

नर्व्ह ब्लॉक हा शब्द आता रुग्णांच्याही कानावर पडू लागला आहे. त्याचा अर्थ सोपा आहे. वेदना जखमेत सुरू होते, पण ती आपल्याला कळते मेंदूत. जखमेपासून मेंदूपर्यंतचा निरोप मज्जातंतू पोहोचवतो. मॉर्फिनसारखे औषध मुख्यतः मेंदूत व मज्जारज्जूत जाऊन त्या निरोपाची धार बोथट करते, पण त्याचबरोबर गुंगी आणते आणि मात्रा वाढली तर श्वासही मंद करते. नर्व्ह ब्लॉक वाटेतच चौकी बसवतो. निरोप पुढे जातच नाही. रुग्ण पूर्ण जागा असतो, बोलतो, चहा पितो, आणि महत्त्वाचे म्हणजे खोकू शकतो.

ही चौकी कुठे बसवायची याचे तीन-चार पर्याय आहेत. पहिला एपिड्युरल. कण्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर एक बारीकशी पोकळी असते. तिथे केसाएवढी नळी ठेवून थेंबाथेंबाने औषध देतात. स्पॅनिश लष्करी सर्जन फिदेल पाहेस यांनी १९२१ साली या पद्धतीवर लिहिले. एपिड्युरल ही बराच काळ छातीच्या शस्त्रक्रियेनंतरची सर्वोत्तम सोय मानली जात होती, आणि आजही ती उत्तम काम करते. परंतु ती दोन्ही बाजू बधिर करते. त्यामुळे रक्तदाब उतरतो, लघवी अडते, काही रुग्णांना मळमळते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर कण्यात रक्तस्राव होण्याचा धोका दुर्मिळ असला तरी गंभीर असतो.

दुसरा पर्याय कण्याच्या शेजारचा, पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक. कण्याच्या मणक्यामधून बाहेर पडणारा मज्जातंतू फासळीकडे वळण्याआधी एका त्रिकोणी जागेतून जातो. तिथे औषध सोडले तर फक्त शस्त्रक्रियेची बाजू बधिर होते. जर्मन डॉक्टर ह्यूगो सेलहाइम यांनी १९०५ साली ही युक्ती वापरली होती. नंतर ती जवळजवळ विस्मृतीत गेली. १९७९ साली ईसन आणि वायट या दोघांनी एका लेखाद्वारे तिला पुन्हा उजेडात आणले. पुढे इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचे सर्जन सबनाथन यांनी, छाती उघडीच असताना डोळ्यांदेखत त्या जागी नळी ठेवून देण्याच्या पद्धतीचा पाठपुरावा केला. भूलतज्ज्ञाने बाहेरून सुई शोधत जाण्यापेक्षा सर्जनने आतून नळी ठेवणे कितीतरी सोपे! दोन खात्यांनी एकमेकांशी बोलले तर रुग्णाचा किती फायदा होतो याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरा पर्याय अलीकडचा. सोनोग्राफीच्या पडद्यावर स्नायूंचे थर दिसू लागल्यापासून त्या थरांच्या मधल्या फटीत औषध पसरवण्याच्या नव्या पद्धती निघाल्या. छातीच्या कडेच्या स्नायूखालचा सेरेटस ब्लॉक २०१३ साली वर्णिला गेला. पाठीच्या उभ्या स्नायूखाली देण्याचा इरेक्टर स्पायनी ब्लॉक २०१६ साली कॅनडातील फोरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. सुई कण्यापासून आणि फुप्फुसापासून दूर राहत असल्याने हे ब्लॉक सोपे व तुलनेने सुरक्षित आहेत. अपघातात फासळ्या मोडलेल्या रुग्णांनाही त्यांचा मोठा उपयोग होतो. त्यांचा परिणाम पॅराव्हर्टेब्रलइतका खात्रीचा आहे का, यावर आमच्या परिषदांत अजून वाद झडतात.

वरच्या ब्लॉकनी सहसा न जाणारे एक दुखणे आहे, ते सांगून ठेवतो. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांचा त्याच बाजूचा खांदा ठणकतो. ‘ऑपरेशन छातीचं आणि खांदा का दुखतो?’ म्हणून घरचे घाबरतात. श्वासपटलाच्या मज्जातंतूची मुळे मानेत असल्याने हा निरोप निराळ्याच वाटेने मेंदूकडे जातो. म्हणून ब्लॉक चालू असतानाही पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे वेळच्या वेळी द्यावीच लागतात.

आकडे काय सांगतात?

ब्लॉक दिला म्हणजे न्यूमोनिया होणारच नाही, असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. १९९८ साली अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एपिड्युरलने फुप्फुसांच्या तक्रारी कमी होतात असे दिसले. २००२ साली पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांतील ९१५ जोखमीच्या रुग्णांची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. एपिड्युरलमुळे मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. श्वसन निकामी होण्याचे प्रमाण मात्र ३० टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले. २००६ आणि २०१६ साली छातीच्या शस्त्रक्रियांसाठी एपिड्युरल आणि पॅराव्हर्टेब्रल यांची तुलना करणारे आढावे आले. दोन्ही पद्धतींनी दुखणे जवळजवळ सारखेच थांबते आणि रक्तदाब उतरणे, लघवी अडणे, मळमळ हे त्रास पॅराव्हर्टेब्रलमध्ये कमी होतात, एवढे दोन्ही आढाव्यांत दिसले.

यातून मी काढलेला निष्कर्ष असा: ब्लॉक दार उघडून देतो, दारातून चालत जायचे काम रुग्णाचे आहे. दुखणे थांबले आणि रुग्ण दिवसभर उताणा पडून राहिला, तर फुप्फुसे मिटायची ती मिटणारच. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. पोटाच्या वरच्या भागातील शस्त्रक्रियेपूर्वी फिजिओथेरपिस्टने रुग्णाबरोबर फक्त अर्धा तास बसून श्वासाचे व्यायाम शिकवले आणि ते का करायचे हे समजावून सांगितले. एवढ्यानेच फुप्फुसांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. अर्ध्या तासाच्या गप्पांनी हे साधते! यासाठी ना परदेशी यंत्र लागते, ना महागडे औषध.

आपल्याकडचे अडथळे

मग हे सगळे आपल्याकडे सर्रास का होत नाही? कारणे नुसती पैशांची नाहीत.

मॉर्फिन हे स्वस्त औषध आहे. परंतु १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले, की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. सवय मात्र कायद्याइतक्या लवकर बदलत नाही.

सोनोग्राफीचे यंत्र हा दुसरा नाजूक विषय. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ साली कायदा केला. १९९४ साली देशभरासाठी कायदा आला. त्या कायद्यामागची वेदना खरी आहे आणि तो शिथिल करा असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु नस शोधण्यासाठी वापरायच्या यंत्रालाही नोंदणी, जागेची बंधने आणि कागदपत्रे लागतात. परिणामी छोट्या शहरातला भूलतज्ज्ञ ‘नको ती भानगड’ म्हणून यंत्रापासूनच दूर राहतो. जे यंत्र एका गैरवापरासाठी बदनाम झाले, त्याच्या सदुपयोगाची वाट सरळ करून देणे कायद्याला धक्का न लावताही शक्य व्हावे.

तिसरा अडथळा माणसांचा. ब्लॉकची नळी ठेवली म्हणजे काम संपत नाही. रात्री दोन वाजता औषध संपले, नळी सरकली, बधिरपणा उतरला तर पाहायला कोण येणार? ज्या रुग्णालयात त्यासाठी नेमलेला माणूस नाही, तिथे उत्तम ब्लॉकही सकाळपर्यंत निरुपयोगी होतो.

आणि चौथा अडथळा भीतीचा. पाठीत सुई म्हटले की घरोघर एकच वाक्य ऐकू येते. काही वर्षांपूर्वी एका चाळिशीतल्या बाईंचे ऑपरेशन ठरले होते. फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या नळ्या जुन्या संसर्गाने सैल पडून वर्षानुवर्षे कफ साचत होता. ब्लॉकचे समजावून सांगताच त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, ‘डॉक्टर, पाठीत इंजेक्शन नको. माझ्या सिझरला दिलं होतं, तेव्हापासून कंबर धरलीये ती आजतागायत.’ मी त्यांना खाली बसवून विचारले, ‘आजी, त्यानंतर मुलाला कडेवर घेऊन किती वर्षं विहिरीवरून पाणी आणलंत?’ त्या हसल्या. बाळंतपणानंतरची कंबरदुखी सुईने क्वचितच होते. टोचल्या जागी काही दिवस दुखते, एवढेच. कंबरदुखीमागे बहुतेक वेळा कष्ट, अशक्तपणा आणि न मिळालेली विश्रांती असते. पण दोष सुईवर जातो, कारण सुई लक्षात राहते.

सूनबाईंना पॅराव्हर्टेब्रल नळी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खुर्चीत बसल्या होत्या. उशी छातीशी घट्ट धरून खोकल्या तेव्हा वर्षानुवर्षे आत बसलेल्या कफाचा बेडका बाहेर आला. दुपारी छातीतल्या नळीची बाटली हातात धरून त्या व्हरांड्यात चालत होत्या, आणि मागून सासूबाई ‘सावकाश, सावकाश’ म्हणत येत होत्या. सहाव्या दिवशी त्या घरी गेल्या. प्रत्येकाचे असे होईलच असे नाही. पण असे होण्याची संधी प्रत्येकाला मिळायला हवी.

रुग्णाने काय करावे?

ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. विडी-सिगारेट शक्य तितक्या लवकर, निदान चार आठवडे आधी बंद करावी. उशीर झाला असेल तरीही बंद करावी. एका दिवसातही रक्तातला विषारी कार्बन मोनॉक्साइड बराच उतरतो. रोज चालावे. दात व तोंड सकाळ-संध्याकाळ स्वच्छ करावे, कारण फुप्फुसात उतरणारे जंतू बहुधा तोंडातूनच येतात. तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र करोनाच्या साथीनंतर पुष्कळ घरांत आले आहे. ते फुंकायचे नसते, ओढायचे असते. चेंडू वर धरून ठेवत हळू, खोल श्वास घ्यायचा. नुसत्या यंत्राने न्यूमोनिया टळतो असे चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. पण जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास घेण्याची आठवण म्हणून ते चांगले. खोकण्याचा सराव शस्त्रक्रियेच्या आधीच करावा, नंतर शिकायला सवड नसते.

भूलतज्ज्ञाला भेटल्याशिवाय शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊ नये. त्याला विचारावे, ‘नंतरच्या दुखण्यासाठी काय करणार आहात? ब्लॉक देणार का? रात्री कमी पडलं तर कुणाला सांगायचं?’ रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती न विसरता सांगावी. आणि नातेवाइकांनी ‘झोपू दे बिचाऱ्याला’ म्हणून रुग्णाला उताणे ठेवण्याचा प्रेमळ हट्ट सोडावा. उशाची बाजू उंच ठेवावी, परवानगी मिळताच उठून बसवावे, चालवावे. या प्रेमाने फुप्फुसे मिटतात!

दुखणे वेळीच न आवरण्याची आणखी एक किंमत आहे. छाती उघडलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना, निरनिराळ्या अभ्यासांप्रमाणे चौघांतल्या एकापासून निम्म्यांपर्यंत, जखम भरल्यावरही महिनोन्महिने तिथे आग होते, सदऱ्याचा स्पर्श सोसत नाही. दुर्बिणीतून लहान छेदांनी होणाऱ्या शस्त्रक्रियांमुळे हे हाल थोडे कमी झाले आहेत. पण लहान छेद म्हणजे दुखणारच नाही, असा समज करून ब्लॉक टाळणे हे नव्या काळाचे नवे अज्ञान आहे.

वॉर्डात प्रत्येक खाटेशी एक तक्ता टांगलेला असतो. त्यावर ताप, नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी होतात. काही रुग्णालयांत आता वेदनेचीही नोंद होते, शून्य ते दहा अशा आकड्यात. पण ती स्वस्थ पडलेल्या रुग्णाला विचारून केलेली असते, आणि स्वस्थ पडलेला रुग्ण ‘बरं आहे’ असेच म्हणतो. माझी मागणी एवढीच आहे, की छातीच्या व पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर हा आकडा रुग्णाला खोकायला सांगून मग विचारावा आणि लिहावा. खोकताना आकडा मोठा असेल तर कुणाला बोलवायचे, हे त्याच तक्त्याच्या तळाशी छापावे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही की अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. एक रकाना वाढवायचा आहे. सोशीक माणसे तोंडाने सांगत नाहीत. त्यांच्या वतीने तो रकाना बोलेल.